वाड्यातले भूत आणि छातीवरचे दडपण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखाना बंद करण्याच्या वेळेला एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा अठरा वर्षांचा. पुण्यात खोली घेऊन मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा. डोळे खोल गेलेले, वजन उतरलेले. बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मागे आला होता तेव्हा तुम्ही हसलात. म्हणून हा यायलाच तयार नव्हता. ओढून आणलंय."

मला आठवले. दीड महिन्यापूर्वी तो एकटाच आला होता. "काका, रात्री कुणीतरी छातीवर बसतं. ओरडायला जातो तर आवाज फुटत नाही," असे म्हणाला होता. लहानपणापासून माझ्याकडे येणारा, म्हणून मला 'काका' म्हणतो. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, "सायन्सचा विद्यार्थी ना तू? भूतबीत काही नसतं रे," म्हणून पाठीवर थाप मारली आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या देऊन वाटेला लावले. बाहेर पंधरा पेशंट ताटकळत होते, ही माझी सबब. पण चूक ती चूकच.

मधल्या काळात घरच्यांनी त्यांच्या परीने इलाज केले. उतारा झाला, अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी एका मांत्रिकाने त्याला तीन आठवडे रोज मध्यरात्रीपर्यंत दिव्यासमोर बसवले. त्रास कमी होण्याऐवजी दुप्पट झाला. तो का झाला, ते पुढे येईलच.

या वेळी मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटले, "आता सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही." त्याने जे सांगितले ते त्याच्या परवानगीने, नावगाव वगळून लिहीत आहे.

शनिवारवाड्याची ती रात्र

पौर्णिमेच्या रात्री चार मित्र पैज लावून शनिवारवाड्याच्या तटाशी गेले होते. रात्री वाडा बंद असतो. तटाला लागून उभे राहून त्यांनी मोबाइलवर तासभर आवाज टिपला. नंतर खोलीवर येऊन ऐकताना एका जागी 'काका' असे ऐकू आले. चौघेही गार पडले. तिसऱ्या रात्रीपासून याला छातीवरचे दडपण सुरू झाले.

वाचकांना ती कथा ठाऊक आहेच. पहिल्या बाजीरावांनी १७३० मध्ये या वाड्याचा पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पगार थकल्याने चिडलेले गारदी वाड्यात घुसले. पेशवे नारायणराव अवघे अठरा वर्षांचे. जिवाच्या आकांताने ते चुलत्याकडे, रघुनाथरावांकडे धावले, पण चुलत्याने वाचवले नाही. 'नारायणरावास धरावे' या हुकुमातला 'ध' आनंदीबाईंनी खोडून 'मा' केला, असे सांगतात. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार तिथूनच रूढ झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. तेव्हापासून 'काका, मला वाचवा' ही हाक वाड्यात रात्री घुमते, अशी लोकांची समजूत. कोणी म्हणतो अमावास्येला, कोणी म्हणतो पौर्णिमेला.

एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत होती. आतले मजले, महाल, दालने सगळे जळाले. आज उभे आहेत ते तट, बुरूज, दरवाजे आणि उघडे जोते. ज्या दालनांतून नारायणराव धावले, ती दालनेच उरलेली नाहीत. उरली आहे ती गोष्ट, आणि ती आपल्या डोक्यात आहे.

आमच्या कंपाउंडरची परीक्षा

मुलाने तो आवाज मला ऐकवला. मी आमच्या कंपाउंडरला हाक मारली, काही न सांगता मोबाइल त्याच्या कानाशी धरला. तो म्हणाला, "लांब कुत्रं विव्हळतंय, साहेब. आणि गाड्या." मग मी सांगितले, "हा शनिवारवाड्यातला रात्रीचा आवाज आहे. पुन्हा ऐक." या खेपेस तो दचकलाच. "अहो, काका म्हणतंय की!" मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

कान आवाज पकडतो, पण अर्थ मेंदू लावतो. अस्पष्ट आवाजात मेंदू ओळखीचे शब्द शोधतो आणि जे आधीच सांगितलेले असते ते त्याला हमखास सापडते. त्यातून 'काका' हा शब्द म्हणजे एकच स्वर दोनदा. वाड्याभोवती रात्रीही रहदारी असते, कुत्री असतात. त्यांतल्या कशातूनही तो निघू शकतो. भूत शोधायला निघालेली मंडळी हल्ली चुंबकीय क्षेत्र मोजणारी यंत्रेही नेतात. ती यंत्रे विजेच्या तारेजवळ आणि मोबाइलजवळसुद्धा फडफडतात.

साहेबाच्या देशातही धावणारे भूत

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. लंडनजवळ थेम्सच्या काठी हॅम्प्टन कोर्ट नावाचा जुना राजवाडा आहे. आठव्या हेन्री राजाची पाचवी राणी कॅथरिन हॉवर्ड हिला १५४१ मध्ये तिथे अटकेत ठेवले. पहारेकऱ्यांच्या हातून निसटून ती राजाकडे दयेची याचना करीत धावली, अशी दंतकथा आहे. १५४२ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. तिची किंकाळी त्या सज्जात आजही ऐकू येते म्हणतात. आपल्याच माणसाकडे जीव वाचवायला धावलेला जीव, आणि दार न उघडणारा तो माणूस. दोन्ही देशांतली भुते एकाच दुःखातून जन्मलेली दिसतात.

या राजवाड्याची रीतसर तपासणी झाली. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाशेहून अधिक लोकांना तिथे फिरवून, कुठे काय जाणवले ते नकाशावर टिपून घेतले. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरात एका जुन्या पुलाखालच्या तळघरांतही अशीच तपासणी केली. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोकांना खरोखरच काहीतरी जाणवत होते, आणि ते ठराविक जागीच जाणवत होते. 'इथे भूत आहे' असे ज्यांना आधी ठाऊक नव्हते त्यांनाही. त्या जागांचा संबंध उजेडाशी, खोलीच्या आकाराशी, तिथल्या चुंबकीय क्षेत्रातल्या चढउतारांशी दिसला. राजवाड्यातले थंड झोत जुन्या छुप्या दारांच्या फटींतून येत असावेत, असेही आढळले. भुतांवर विश्वास असणाऱ्यांना असे अनुभव अधिक आले.

यातून मी माझ्यापुरता धडा घेतला. अनुभव सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या अंगावरचा काटा खरा असतो. चुकतो तो त्याने लावलेला अर्थ. त्याला हसणे म्हणजे त्याला मांत्रिकाच्या दारात ढकलणे.

छातीवर कोण बसते?

आता मुलाच्या त्रासाकडे येऊ. आपल्या झोपेचे टप्पे असतात. स्वप्नांच्या टप्प्यात मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो. तसे नसते तर आपण स्वप्नात धावताना खरेच उठून पळालो असतो. कधी कधी मेंदू जागा होतो पण स्नायूंची ही 'कुलूपबंदी' उघडायला काही क्षण उशीर होतो. डोळे उघडे, खोली दिसते आहे, पण बोटही हलत नाही. श्वास चालू असतो, मात्र छातीचे स्नायू ढिले असल्याने दडपण वाटते. स्वप्न अर्धे चालूच असते, म्हणून कोपऱ्यात आकृती दिसते, पावले वाजतात, हाक येते. काही सेकंद, फार तर काही मिनिटे हा प्रकार चालतो आणि आपोआप सुटतो.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार शंभरातल्या सुमारे आठ जणांना आयुष्यात कधीतरी हा अनुभव येतो. विद्यार्थ्यांत तर शंभरातल्या अठ्ठावीस जणांना. जागरण, अनियमित झोप, काळजी आणि उताणे झोपणे ही त्याची मुख्य निमित्ते. आमचा हा मुलगा रात्री दोनपर्यंत अभ्यास, मग तासभर मोबाइल, पहाटे पाचला क्लास, असा जगत होता. त्यात भीतीने झोप उडालेली, आणि वर मांत्रिकाचे जागरण! आजाराला खतपाणी घालणारा उपाय तो हाच.

मी त्याला एकही झोपेची गोळी दिली नाही. साडेदहाला दिवा बंद, सहाला उठणे, संध्याकाळी पाचनंतर चहा नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत, कुशीवर झोपणे, एवढेच सांगितले. झटका आलाच तर घाबरून सगळे अंग हलवायला जायचे नाही. फक्त एक बोट हलवायचा प्रयत्न करायचा आणि मनात म्हणायचे, "हे मिनिटभरात सुटणार आहे." आईला सांगितले, महिनाभर त्याच खोलीत झोपा. पहिल्या आठवड्यात दोनदा त्रास झाला, दुसऱ्यात एकदा. दीड महिन्याने तो पुण्याला परत गेला.

सगळेच भूत निरुपद्रवी नसते

वाचकहो, ही गोष्ट गोड शेवटाची झाली. पण 'झपाटले' या एका शब्दाखाली असे आजारही दडतात की ज्यांत तास-दीड तासाचा उशीरही जिवावर बेततो.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, पापण्या जड झाल्या, बोलणे तोतरे झाले, गिळता येईना, तर मण्यार चावल्याची शंका घ्या. मण्यारीचा दंश अनेकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. उतारा न टाकता थेट सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष तिथेच मिळते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणारा माणूस रात्री घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागला, तर साखर उतरली असेल. शुद्धीवर असेल तर साखरपाणी पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

अंग झटके देते, जीभ चावली जाते, कपड्यांत लघवी होते, ही फेफऱ्याची लक्षणे आहेत. नियमित गोळ्यांनी बहुतेकांचे झटके थांबतात. ताप चढून बरळणाऱ्यालाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घरातल्या अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, भास होत असतील तर शेगडी आणि गॅस गिझर तपासा. १९२१ मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी एका कुटुंबाची हकिकत छापली. जुन्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलांचे आवाज येत, माणसे दिसत. शेवटी दोष निघाला बिघडलेल्या भट्टीत. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू घरात पसरत होता. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर लावणे, दोन्ही जीवघेणे आहे.

आणि दिवसाढवळ्या, पूर्ण जागेपणी, आठवड्यांमागून आठवडे आवाज ऐकू येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ या 'टेलि-मानस'च्या क्रमांकावर फोन केला तरी मोफत सल्ला मिळतो. यात लाज कसली? भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा सर्पदंशाच्या रुग्णाला औषधोपचारापासून रोखणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा.

शनिवारवाडा जरूर पाहा. दिवसा पाहा, मुलांना इतिहास सांगा, हाकेची गोष्टही सांगा. पण घरातले कोणी रात्री घाबरून उठले आणि तुम्हाला हाक मारली, तर हसू नका, आणि उताराही टाकू नका. दिवा लावा, शेजारी बसा, काय झाले ते नीट ऐका आणि सकाळी दवाखान्यात घेऊन या.

आणि माझ्यासारखा एखादा डॉक्टर घाईत हसलाच, तर त्याला बजावा, "अहो, आधी ऐकून तरी घ्या."