तेरवं झाल्यानंतरची माणसं

२००६ च्या पावसाळ्यात पंतप्रधान मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला येऊन गेले आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी सुमारे ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. थकीत व्याज, कर्जाची फेरमांडणी, सिंचन, बियाणं, जोडधंदा असा त्याचा पसारा होता. राज्य सरकारची मदत वेगळी. आत्महत्या ‘पात्र’ ठरली तर घराला एक लाख. त्यातले तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. पात्र ठरायला सातबारा हवा, थकीत कर्जाचा कागद हवा. नवऱ्याचं तेरवं आटोपत नाही तोच बाई तलाठ्याकडे आणि बँकेत खेटे घालायला लागायची. तिला झोप लागते का, रात्री दचकून उठणाऱ्या पोराचं काय, हे लिहायला कुठल्याच अर्जात रकाना नव्हता.

वीस वर्षं होत आली. या काळात वर्ध्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत मनाच्या आरोग्यासाठी जे जे झालं, ते पुन्हा एकदा नीट पाहायला हवं. योजना बऱ्याच आल्या, काही चांगल्याही होत्या. पण ज्यांच्यावर बेतलं तीच माणसं एकमेकांच्या आधाराला कुठे बसली आणि पुढे आपल्यासाठी बोलायला कुठे उभी राहिली, ही गोष्ट अजून कोणी सलग सांगितलेली नाही.

सुरुवात डॉक्टरांनी केली, हे मान्य करायला हवं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. प्रकाश बेहेरे यांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर २००८ साली लेख लिहिला. कर्ज की नैराश्य, असा तंटा तेव्हा जोरात होता. कर्जाचं नाव घेतलं की डॉक्टर मान हलवत आणि आजाराचं नाव घेतलं की कार्यकर्ते चिडत. बेहेऱ्यांनी नापिकी, कर्ज, दारू, घरातले कलह, आजारपण हे एकाच घरात एकावर एक कसं साचत जातं ते मांडलं. मला तो लेख महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे दुःखाची कारणं वाटून घेण्याचा खेळ थोडा तरी थांबला.

पुढे नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं. त्यांनी घरोघरी बसून नैराश्याबद्दल बोलायचं, गरज पडली तर समुपदेशकाकडे आणि तिथून डॉक्टरांकडे न्यायचं. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. गावातली माणसं असल्या गोष्टी बोलत नाहीत, हा शहरातल्या लोकांचा लाडका समज त्या आकड्याने खोटा पाडला. बोलायला समोर योग्य माणूस बसला तर गाव बोलतं. २०१५ मध्ये राज्य सरकारने आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात वर्धा होतं, १०४ क्रमांकावरचं समुपदेशन होतं आणि आशाताईंच्या खांद्यावर आणखी एक काम होतं.

या सगळ्यात मदत देणारा एक आणि घेणारा दुसरा. सोसलेल्या माणसानेच सोसणाऱ्याला आधार देण्याची रीत महाराष्ट्रात रुजली ती मुख्यतः पुण्यात. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ उभं केलं. पु. ल. देशपांड्यांनी त्याला आर्थिक बळ दिलं. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्याने आलेल्याला सांभाळील, ही तिथली पद्धत. काल स्वतः थरथरत्या हातांनी दाखल झालेला आज दुसऱ्याच्या उशाशी बसतो. त्याला खोटं सांगता येत नाही, कारण सगळी खोटी कारणं त्याने स्वतः वापरून झालेली असतात. वर्धेकराला याचं मोल वेगळं सांगायला नको. जिल्ह्यात पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी आहे आणि दारू गावोगाव मिळते. हातभट्टीविरुद्ध इथल्या बायांनी मोर्चे काढले, मडकी फोडली. पण ज्याची सुटत नाही त्याने रोज संध्याकाळी कुठे जाऊन बसायचं, हे मोर्च्यातून ठरत नाही. त्यासाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमससारखी बैठक लागते, जिथे डॉक्टर नसतो, फी नसते आणि बोलणारा स्वतःच्या नावापासून सुरुवात करतो.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत हे काम आणखी कठीण. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. आजारी माणसं आणि त्यांच्या घरचे यांचे स्वमदत गट हा तिचा कणा. वाणींच्याच पाठबळामुळे २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट आला. अतुल कुलकर्णींचा शेष आणि त्याला सांभाळताना दमून गेलेली बहीण पाहून, आपल्याही घरात असं कोणी आहे, हे मराठी माणसं पहिल्यांदा एकमेकांना सांगू लागली. भार्गवी दावर यांचा सूर याहून करडा होता. मनोरुग्णालयात डांबल्या गेलेल्या आईची त्या मुलगी. १९९९ मध्ये त्यांनी आईच्या नावाने पुण्यात बापू ट्रस्ट काढला. भूल न देता विजेचे झटके, साखळदंड, संमतीशिवाय कोंडून ठेवणं या सगळ्याविरुद्ध त्या २०२४ मध्ये जाईपर्यंत लढल्या. अमेरिकेत क्लिफर्ड बीअर्स यांनी १९०८ मध्ये मनोरुग्णालयातला स्वतःचा अनुभव पुस्तकात मांडला होता. उपचार भोगलेल्याने उपचारांबद्दल बोलण्याची परंपरा इतकी जुनी आहे; आपल्याकडे ती दावरांनी धारदार केली.

आणि वर्धा? वर्ध्यात या परंपरेने नाटकाचा रस्ता धरला. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि वर्ध्याचे हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायांनी स्वतः रंगमंचावर उभं केलं. त्यांच्यातल्या कोणी पूर्वी मंच पाहिला नव्हता. वरवर पाहता हा नाट्यप्रयोग. पण तालीम म्हणजे काय ते पाहा. नवरा गेल्यावर सासरने काय केलं, दीर जमिनीबद्दल काय म्हणाला, कुंकवावरून कोण काय बोललं, हे इतर बायांसमोर मोठ्याने म्हणायचं, विसरलं तर पुन्हा म्हणायचं आणि शेजारची तिची ओळ म्हणते तेव्हा थांबून ऐकायचं. मानसोपचाराच्या गटात जे घडावं अशी तज्ज्ञांची अपेक्षा असते, ते इथे वऱ्हाडी बोलीत घडत होतं. याला मी बरं होण्याची प्रक्रियाच म्हणेन, आणि त्यातून निघालेला आवाज पुढे किती लांब गेला तेही सर्वांनी पाहिलं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्याने वादळ उठलं होतं. उद्घाटनाला उभ्या राहिल्या त्या ‘तेरवं’मध्ये काम केलेल्या वैशाली येडे. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या शेतकरी बाईचं भाषण ऐकणाऱ्यांना दया दाखवायला वावच मिळाला नाही. ती हक्काची भाषा बोलत होती.

त्याच सुमारास महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, विदर्भ-मराठवाड्यातल्या एकल महिलांना एकत्र आणत होता. २०१८ मध्ये त्यांनी अशा ५०५ जणींची पाहणी केली. सुमारे चाळीस टक्के बायांना जमिनीवरचा हक्क मिळालेला नव्हता. बाया मुंबईत आझाद मैदानावर जाऊन बसल्या आणि जून २०१९ मध्ये वारसनोंद, रेशनकार्ड, पेन्शन यासाठी शासनाला आदेश काढावा लागला. हा मजकूर मनाच्या आरोग्याच्या लेखात कशाला, असं कोणी विचारील. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही, तिला झोपेची गोळी किती दिवस पुरणार?

मात्र एका गटाला अजून कोणी हाक मारलेली नाही. औषध पिऊन, दवाखान्यात पोटाची नळी सोसून जिवंत परत आलेले लोक. पूर्वी त्यांच्या खाटेशी नातेवाइकांच्या आधी पोलीस यायचा, कारण भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं आणि त्याची काळजी घेण्याचं कर्तव्य सरकारवर टाकलं. जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेत ते जुनं कलम उरलं नाही. कागदावरचा गुन्हा गेला, गावातला तसाच आहे. परत आलेला माणूस चावडीवर बसत नाही, त्याच्या मुलीच्या सोयरिकीत तो विषय निघतो. पुन्हा तसंच करण्याचा धोका याच माणसाला सर्वांत जास्त असतो, आणि शेजारच्या घरात कोणाच्या मनात काय चाललंय हे ओळखणारा जाणकारही गावात बहुधा तोच असतो.

मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळांत दोन जागा अशा ठेवल्या आहेत, ज्यांवर आजार भोगलेली व्यक्ती, तिची काळजी घेणारा किंवा त्यांच्या संस्थेचा माणूस बसू शकतो. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे, सोबत मनोविकारतज्ज्ञ, आणि त्याच टेबलावर कधीकाळी रुग्ण असलेला. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ चं. वर्ध्याची माणसं तिथेच जातात. त्याच्या सगळ्या इतिहासात दाखल झालेल्याला असा अधिकार कधी नव्हता. राज्यातल्या मनोरुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षं राहिलेल्यांचा प्रश्न डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयात पोचला, तेव्हा ही मंडळं नीट चालण्याची निकड सर्वांच्या लक्षात आली.

त्या जागांवर बसायची माणसं एकाएकी सापडत नाहीत; ती गटांतूनच घडतात, आणि गट जमायला जागा आणि वेळ ठरलेली लागते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तालुक्याच्या रुग्णालयात येतं त्या दिवशी आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूरकडची माणसं सकाळच्या एसटीने येतात, नंबर लावतात आणि गोळ्या मिळेपर्यंत दोन-तीन तास एकाच बाकावर न बोलता बसतात. त्याच दिवशी, त्याच आवारात तासभर एक खोली उघडून द्यावी, आणि ती चालवायला त्यांच्यातल्याच, बरं वाटू लागलेल्या एकाला मानधन द्यावं.