डॅशकॅम: अपघाताची क्लिप टिकते कशी?

समजा हिंगोलीहून कळमनुरीमार्गे नांदेडला निघालात, राष्ट्रीय महामार्ग १६१, आणि वारंगा फाट्याजवळ कुणीतरी कट मारून गाडी घासली. डॅशकॅम चालू होता. क्लिप मिळेल ना? मिळेल, पण वेळेत काढली तर.

हिशोब बघा. फुल एचडी व्हिडिओ १५ एमबीपीएसने लिहिला, तर तासाला पावणेसात जीबी. ६४ जीबीचं कार्ड नऊ-साडेनऊ तासांत भरलं. म्हणून कॅमेरा एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे करतो आणि सगळ्यात जुना पुसून नवा लिहितो. हेच लूप रेकॉर्डिंग.

धक्का बसला की जी-सेन्सर तो तुकडा लॉक करतो, लूप त्याला सहसा हात लावत नाही. पण आपल्याकडचे खड्डे! सेन्सिटिव्हिटी 'हाय' ठेवली की प्रत्येक खड्डा म्हणजे अपघात, आणि कार्ड लॉक फाइलींनीच भरतं. 'लो' ठेवा. बाकी लॉकचं बटण असतंच.

धडकेत वायरच निघाली तर? एमपी-फोर फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. ती राहिली, तर फाइल उघडतच नाही. सुपरकपॅसिटर तेवढे काही सेकंद वीज पुरवतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात काचेमागे लिथियम बॅटरी फुगू शकते, त्यामुळे मी तरी सुपरकपॅसिटरवालाच घेईन. कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' घ्या.

आणि क्लिप व्हॉट्सॲपवर टाकून मूळ फाइल उडवू नका. तिथे व्हिडिओ कॉम्प्रेस होतो, हॅश बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश द्यावा लागतो. तेच कार्ड काढून जपून ठेवा, गाडीत दुसरं टाका.