ॲडमिरल जॉन गॉडफ्रे : गुप्तवार्ता विभाग ते मुंबईतील नाविकांचा उठाव

प्रस्तावना :
१९४६ च्या मुंबईतील नाविकांच्या उठावाचे अध्ययन बहुधा नाविक, राष्ट्रीय नेते व ब्रिटिश सरकार या तीन घटकांच्या अनुषंगाने केले जाते. त्या वेळी रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख असलेले व्हाइस ॲडमिरल जॉन हेन्री गॉडफ्रे यांचा उल्लेख उठावकर्त्यांना धमकी देणारा अधिकारी एवढ्यापुरताच येतो. परंतु हेच गॉडफ्रे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते. माहितीची पारख करण्यात निष्णात असलेल्या अधिकाऱ्यास आपल्याच नाविकांमधील असंतोषाचे गांभीर्य वेळीच का उमगले नाही, या प्रश्नाच्या संदर्भात त्यांच्या कारकिर्दीचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वायुष्य व गुप्तवार्ता विभाग :
गॉडफ्रे यांचा जन्म १८८८ मध्ये बर्मिंगहॅम येथे झाला. १९०३ मध्ये त्यांनी नौदलात प्रवेश केला. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला, तर १९३६ मध्ये 'रिपल्स' या युद्धनौकेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९३९ मध्ये ते नौदल गुप्तवार्ता विभागाचे संचालक झाले. इयान फ्लेमिंग यांना त्यांनी आपले स्वीय सहायक नेमले. पुढे फ्लेमिंग यांनी निर्मिलेल्या जेम्स बाँडच्या कथांतील 'एम' हे वरिष्ठाचे पात्र बऱ्याच अंशी गॉडफ्रे यांच्यावरून बेतले असे मानले जाते.

अध्यापकवर्गास विशेष महत्त्वाची वाटावी अशी त्यांची दोन कार्ये आहेत. पहिले म्हणजे माहितीच्या श्रेणीकरणाची पद्धती. तीत माहिती देणाऱ्याची विश्वसनीयता अक्षराने व प्रत्यक्ष माहितीची संभाव्यता अंकाने दर्शविली जाई. विश्वासू माणसाचीही बातमी चुकीची असू शकते आणि संशयास्पद माणसाची बातमीही खरी ठरू शकते, हे तत्त्व त्यामागे होते. इतिहासाच्या अभ्यासकाला साधनचिकित्सेत हेच करावे लागते. दुसरे कार्य म्हणजे भूगोलविषयक माहितीग्रंथांची मालिका. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्वानांच्या साहाय्याने ५८ खंडांची ही मालिका सिद्ध झाली.

तथापि स्पष्टवक्तेपणा व तापट स्वभाव यांमुळे सहकाऱ्यांशी त्यांचे मतभेद वाढले आणि १९४२ मध्ये त्यांना या पदावरून दूर करण्याचा निर्णय झाला.

भारतातील कारकीर्द :
१९४३ मध्ये गॉडफ्रे यांनी रॉयल इंडियन नेव्हीची सूत्रे स्वीकारली. युद्धारंभी या नौदलाचे मनुष्यबळ दोन हजारांहून कमी होते; युद्धकाळात ते दहा पटींहून अधिक वाढले. या झपाट्याच्या वाढीत शिक्षित तरुण मोठ्या संख्येने भरती झाले. अन्न, वेतन, निवासव्यवस्था यांतील उणिवा व ब्रिटिश नाविकांच्या तुलनेत मिळणारी विषम वागणूक त्यांना सलत होती. युद्ध संपताच सेवामुक्तीनंतरच्या बेकारीची चिंता तीत मिळाली. आझाद हिंद सेनेवरील खटल्यांनी वातावरण आधीच तापलेले होते.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नाविकांनी निकृष्ट अन्न व तेथील प्रमुखाची अपमानास्पद भाषा यांविरुद्ध काम बंद केले. पाहता पाहता हा उठाव इतर नौका, किनाऱ्यावरील केंद्रे व कराचीपर्यंत पसरला. या वेळी गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून दिलेला इशारा असा होता की, नौदलाचा नाश झाला तरी बेहत्तर, पण सरकार उठाव मोडून काढील. या इशाऱ्याने नाविकांचा व नागरिकांचा क्षोभ वाढला. मुंबईतील कामगारांनी हरताळ पाळला; गोळीबारात दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. सरदार पटेल यांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीस नाविकांनी शरणागती पत्करली. लवकरच गॉडफ्रे यांच्या जागी व्हाइस ॲडमिरल जेफ्री माइल्स आले. युद्धसेवेबद्दल गॉडफ्रे यांना कोणताही सन्मान लाभला नाही. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष :
उठावाची सर्व जबाबदारी एका व्यक्तीवर टाकणे इतिहासदृष्ट्या योग्य होणार नाही. वसाहतवादी सैन्यरचनेतील विषमता गॉडफ्रे यांच्या आगमनापूर्वीची होती. मात्र लंडनमध्ये त्यांच्यापाशी येणारी माहिती अनेक स्वतंत्र मार्गांनी येत असे व एक दुसरीशी ताडून पाहता येई. भारतीय नौदलात नाविकाची तक्रार ज्या अधिकाऱ्याविरुद्ध असे, बहुधा त्याच्याच हातून ती वर जाणार होती. अशा रचनेत श्रेणीकरणाची उत्तम पद्धतीही निरुपयोगी ठरते, कारण पारखण्याजोगी माहितीच वरपर्यंत पोहोचत नाही. गॉडफ्रे यांच्या कारकिर्दीतून मिळणारा हा बोध लष्करी इतिहासापुरता मर्यादित नसून, ज्या कोणत्याही संस्थेत खालच्यांचे म्हणणे वरिष्ठांपर्यंत पोहोचणे आवश्यक असते, तिलाही तो लागू पडतो.