नगराश्रय आणि बालभाषा : रेज्जो एमिलिया व अंगणवाडी

साहित्यव्यवहाराच्या अभ्यासात 'आश्रय' ही संकल्पना सुपरिचित आहे. राजाश्रय, धर्मसंस्थांचा आश्रय आणि लोकाश्रय या तीन प्रकारांच्या आधारे पेशवाईतील शाहिरी कवितेपासून संतवाङ्मयापर्यंतच्या अनेक परंपरांची मीमांसा झालेली आहे. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांसारखी स्थानिक स्वराज्य संस्था मात्र या चर्चेत क्वचितच येते. तिचे कार्य पाणी, रस्ते व दिवाबत्ती एवढ्यापुरते मानले जाते. प्रत्यक्षात विसाव्या शतकातील बालसाहित्यविचाराचा एक महत्त्वाचा ग्रंथ अशाच एका नगराच्या आश्रयाने सिद्ध झाला. स्थानिक संस्थेने लहान मुले व त्यांची कुटुंबे यांना दिलेला आधार भाषेच्या आणि कथेच्या विचारापर्यंत कसा पोहोचतो, हे स्पष्ट करणे आणि त्या प्रकाशात 'अंगणवाडी' या मराठी शब्दाचा प्रवास पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नगर आणि बालशाळा

उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया या शहराजवळ व्हिला चेल्ला नावाचे खेडे आहे. एप्रिल १९४५ मध्ये इटली फॅसिस्ट व नाझी सत्तेतून मुक्त झाली. त्यानंतर माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांतून या खेड्यातील लोकांनी लहान मुलांसाठी शाळा उभारली. बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घरांच्या विटा आणि नदीतील वाळू हेच तिचे बांधकाम साहित्य होते. ही वार्ता ऐकून लोरिस मालागुत्सी (१९२०–१९९४) हे तरुण शिक्षक सायकलने तेथे गेले आणि पुढे या चळवळीचे प्रमुख विचारवंत झाले.

त्या काळी इटलीतील बालशिक्षण मुख्यतः कॅथलिक चर्चच्या हाती होते. राज्यसंस्थेने तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळांसाठी कायदा केला तो १९६८ मध्ये. या दोहोंच्या मधली जागा नगरपालिकेने घेतली. महिला संघटनांच्या आणि पालकांच्या आग्रहामुळे १९६३ मध्ये रेज्जो एमिलिया नगरपालिकेने आपली पहिली बालशाळा सुरू केली. तिला 'रॉबिन्सन' हे नाव मिळाले ते डॅनिएल डीफो यांच्या कादंबरीतील नायकावरून. १९७१ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठीचे पहिले नगरपालिका पाळणाघर निघाले. अशा पाळणाघराला इटालियन भाषेत 'घरटे' या अर्थाचा शब्द आहे. त्याला फॅसिस्टांनी १९४३ मध्ये गोळ्या घातलेल्या सात चेर्वी बंधूंच्या मातेचे नाव देण्यात आले. एक शाळा कादंबरीच्या नायकाच्या नावाने आणि एक पाळणाघर शोकाकुल मातेच्या नावाने ओळखले जावे, यातून त्या नगराची सांस्कृतिक स्मृती या संस्थांत कशी गुंतली होती हे दिसते.

१९७२ मध्ये नगरपरिषदेने या शाळांची नियमावली संमत केली. प्रत्येक वर्गास दोन शिक्षिका, चित्र-शिल्पादी कामांसाठी कार्यशाळा व तिचा स्वतंत्र कलाशिक्षक, आणि पालक व नागरिक यांचा सहभाग असलेल्या व्यवस्थापन समित्या यांना त्यामुळे संस्थात्मक रूप आले. कुटुंबाला आधार देणे याचा येथील अर्थ केवळ काम करणाऱ्या मातेची सोय असा नाही. कुटुंब हे शाळेच्या कारभारातील भागीदार आहे, ही त्यामागील धारणा आहे.

२. रोदारींचे 'कल्पनेचे व्याकरण'

त्याच वर्षी, मार्च १९७२ मध्ये, नगरपालिकेच्या निमंत्रणावरून बालसाहित्यकार जान्नी रोदारी (१९२०–१९८०) यांनी रेज्जो एमिलिया येथे सुमारे पन्नास शिक्षकांसमोर आठवडाभर कथानिर्मितीच्या तंत्रांची मांडणी केली. १९७० चा हॅन्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार त्यांना तोपूर्वीच लाभला होता. या सत्रांतून १९७३ मध्ये त्यांचा 'कल्पनेचे व्याकरण' हा ग्रंथ साकारला. त्याची अर्पणपत्रिका कोणा व्यक्तीच्या नावे नसून रेज्जो एमिलिया या शहराच्या नावे आहे.

तर्कशास्त्राप्रमाणे कल्पनेचेही शास्त्र असू शकेल, हे जर्मन स्वच्छंदतावादी कवी नोव्हालिस यांचे सूचन या ग्रंथाचे बीज आहे. त्याला अतिवास्तववाद्यांच्या शब्दक्रीडांची आणि व्लादिमिर प्रॉप यांच्या लोककथामीमांसेची जोड मिळाली आहे. प्रॉप यांनी सांगितलेली कथाकार्ये रोदारी खेळाच्या पत्त्यांवर आणतात आणि मुले ते पत्ते मांडून गोष्ट रचतात. त्यांची सर्वांत फलदायी कल्पना 'कल्पक शब्दयुग्मा'ची आहे. परस्परांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवले की त्यांना जोडण्यासाठी मनाला गोष्ट रचावी लागते. चर्चासत्रात हे तंत्र मांडल्याच्या दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या 'डायना' बालशाळेतील शिक्षिकेने 'उजेड' आणि 'जोडे' हे शब्द मुलांना दिले. साडेपाच वर्षांच्या एका मुलाने तीन सोबत्यांच्या मदतीने रचलेली, वडिलांचे जोडे घालून फिरणाऱ्या मुलाची कथा रोदारींनी आपल्या ग्रंथात समाविष्ट करून तिचे विश्लेषण केले.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने हा क्रम अर्थपूर्ण आहे. युरोपीय काव्यशास्त्रातील एक विचार लेखकाकडून शिक्षिकेकडे, तिच्याकडून मुलांकडे आणि मुलांकडून पुन्हा ग्रंथात आला. मुलाचे बोलणे टिपून घेण्यास शिक्षिकेला सवड होती. कारण तिच्या जोडीला दुसरी शिक्षिका असावी हे नगराने मान्य केले होते. मुलाला शंभर भाषा असतात, या मालागुत्सींच्या प्रसिद्ध प्रतिपादनामागेही नोंदी ठेवण्याची हीच शिस्त आहे.

३. बोर्डीपासून अंगणवाडीपर्यंत

व्हिला चेल्लाची शाळा उभी राहिली त्याच १९४५ साली ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी बोर्डी येथे, तत्कालीन ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. हे साम्य परस्परप्रभावाचे नाही. दोन्हींमागे मारिया मॉण्टेसरी यांचा वारसा आहे आणि दोन्हींनी तो आपल्या परिसरानुसार बदलून घेतला. बालवाडीत मुले येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' घडली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडला गेल्यावर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळेचा प्रयोग झाला. अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन या कार्याचा मराठीतील वाङ्मयीन दस्तऐवज आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द अखिल भारतीय झाला. मात्र या विस्तारात आश्रयाचे स्वरूप पालटले. आराखडा केंद्राचा, अंमलबजावणी राज्याची आणि सेविका 'मानधना'वर, अशी ही रचना आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत महिला व बालविकास हा पंचायतींचा विषय म्हणून नमूद असला, तरी अंगणवाडीची मूळ घडण वरून खाली येणारीच राहिली. सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले ते २०२२ मध्ये.

लेखनाच्या अंगाने फरक अधिक ठळक होतो. अंगणवाडी सेविकाही लिहितेच. मुलाचे वजन, पूरक आहार, लसीकरण, गृहभेटी यांच्या नोंदी ती पूर्वी केवळ नोंदवह्यांत करी. २०२१ पासून त्या 'पोषण ट्रॅकर' या भ्रमणध्वनी-प्रणालीतही भरल्या जातात. कुपोषणाशी झुंजणाऱ्या समाजात या नोंदींचे मोल कमी लेखता येणार नाही. सधन एमिलियाचे निकष येथे जसेच्या तसे लावणे अन्यायाचे होईल. तथापि त्या नोंदींत मूल वजनाच्या आकड्याच्या रूपाने येते, त्याचे बोलणे येत नाही. पालघरमधील मूल घरी वारली बोलत असेल आणि नोंद प्रमाण मराठीत होत असेल, तर हे मौन दुहेरी होते.

४. समारोप

रोदारींचा ग्रंथ एका प्रतिभावंताची निर्मिती आहे, तितकाच तो नगरपरिषदेच्या ठरावाचा आणि अंदाजपत्रकाचाही परिणाम आहे. ताराबाई आणि अनुताई यांच्याकडे अनुभव, भाषा आणि लेखणी होती. त्यांच्या प्रयोगाला देशव्यापी नाव मिळाले, परंतु रेज्जो एमिलियाप्रमाणे त्याला आपले म्हणणारे नगर लाभले नाही. भारतीय भाषांतील बालसाहित्याचा इतिहास लिहिताना म्हणूनच केवळ प्रौढांनी मुलांसाठी काय लिहिले हे पाहणे पुरेसे ठरणार नाही. मुलांनी काय सांगितले, ते टिपून घेण्यास कोणाला वेळ आणि वेतन दिले गेले आणि ते कोणत्या भाषेत टिपले गेले, हे प्रश्नही त्या इतिहासाचेच आहेत.