सात फॉर्म, सत्तर रुपये

सकाळी ६.३०
भूम तालुक्यातलं गाव. खव्याच्या भट्ट्या पेटल्यात. आशाताईंच्या पिशवीत रजिस्टर, आरोग्य तपासणीचे कोरे फॉर्म, कमरेचा घेर मोजायची टेप. स्कूटी दारातच ठेवून त्या पायी निघतात, मी सोबत. पेट्रोल पदरचं असतं.

७.०५
पहिलं घर म्हणजे भट्टीच. कढईत म्हशीचं दूध आटतंय, काकू लांब दांड्याच्या उलथण्यानं ते हलवताहेत. हात थांबला की खवा खाली लागतो, आणि लागलेल्या खव्याला भाव मिळत नाही. म्हणून ताई उभ्याउभ्याच विचारतात. वय? तंबाखू? मिश्री? मग आवाज खाली जातो. "पाळी गेल्यावर परत अंगावर गेलं का कधी?"
काकूंची नजर कढईतच. "दोनदा. कुणाला सांगितलं न्हाई."
घेर मोजायला सून उलथणं धरते. फॉर्म पुरा. एका फॉर्मचे ताईंना १० रुपये. "दुपारी उपकेंद्रात यायचंच," ताई बजावतात.

९.२०
पुढच्या घरांना कुलपं. माणसं ज्वारी काढायला गेलीत. ताई बांधावर जातात. काढणी करणाऱ्या बायका रोजावर आहेत, कुणी बसायला तयार नाही. ताई त्यांच्या पातीबरोबर सरकत लिहितात. चार फॉर्म.

११.१०
एका ओसरीवर पुण्याला शिकणारा मुलगा मोबाइल पुढं करतो. "ताई, मुंबईत आयआयटीनं कॅन्सरवर पेशी तयार केल्यात म्हणं. मामीला चालतंय का?" मामीला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. बार्शीला शेक चालू आहे.
ताई म्हणतात, "डॉक्टरांना विचारते."
उत्तर मला थोडंफार ठाऊक होतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या त्या थेरपीला, नेक्सकार-१९ला, २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरवर आहे, खर्च कित्येक लाखांच्या घरात. मामीच्या जवळचं काम अमेरिकेत झालंय. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांत नवा रिसेप्टर बसवायचा, वाढवून परत सोडायच्या. हा रिसेप्टर कॅन्सरच्या पेशीच्या पोटातल्या प्रथिनाचा तुकडाही ओळखतो, मात्र तो तुकडा पेशीनं आपल्या एचएलए रेणूवर धरून दाखवायला हवा. अशा कॅन्सरमागच्या एचपीव्ही-१६ या विषाणूचं ई-७ प्रथिन ओळखणाऱ्या पेशी १२ रुग्णांना दिल्या, सहा जणांच्या गाठी आकसल्या. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण ठरावीक एचएलए प्रकार जुळला तरच, आणि तेही चाचणीतच. मुलाला एवढं सांगितलं. त्यानं मोबाइल खिशात घातला.
हाच विषाणू या जिल्ह्यानं फार आधी पाहिलाय. १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या संस्थेबरोबर इथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं पुढच्या आठ वर्षांतले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एका गटाची तपासणी केलीच नव्हती, त्यावर टीका झाली. ती टीका व्हायलाच हवी होती.

१.३०
उपकेंद्र. आलेल्या दोघींची तपासणी होते. गर्भाशयाच्या तोंडाला पाच टक्के ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उठतो का बघायचं. पैसे लागत नाहीत. दोघींनाही चट्टा नाही.
काकू उशिरा येतात, हाताला दुधाचा वास. सिस्टर ऐकून घेतात आणि चिठ्ठी लिहितात. पाळी गेल्यावर रक्त गेलं तर ही तपासणी पुरत नाही, डॉक्टरच हवा.
"बार्शीला? मग भट्टी कोण बघंल?"
"सून बघंल. यष्टीला अर्धं तिकीट आहे. उद्या सकाळची गाडी, मी येते सोबत." 

५.१५
परतीच्या वाटेवर आणखी दोन फॉर्म. दोन्ही घरांत चहा. तिसरा चहा ताई नाकारतात.

रात्री ८.४०
भाकरी थापून झाल्यावर रजिस्टर. आज सात फॉर्म, म्हणजे ७० रुपये. ते महिन्याच्या बिलात लागतील, हातात कधी पडतील ते बिलावर लिहिलेलं नसतं. उद्याच्या बार्शीच्या फेरीला फॉर्ममध्ये रकाना नाही.