घरच्या घरी आर्केड मशीन: वायरिंग आणि पॉवर सप्लाय आधी समजून घ्या



लाकडी कॅबिनेट, जॉयस्टिक, रंगीत बटणं, आत रास्पबेरी पाय आणि समोर २४ इंची मॉनिटर. असं मशीन घरी बनवायचं आणि वाढदिवसाला भाड्याने द्यायचं किंवा एखाद्या कॅफेत लावायचं, हा छोटा पण चांगला धंदा आहे. सुतारकाम करून देणारे आपल्या नगरमध्ये भरपूर आहेत. गाडी अडते ती वायरिंगपाशी. व्हिडिओत जोडणी दिसते, पण आकडे आणि कारणं लिहूनच नीट कळतात. शिवाय या मशीनला दिवसभर हात लावणार ती लोकांची पोरं. त्यामुळे इथे जुगाड चालणार नाही.

१. आधी लोड काढा

कागद घ्या आणि लिहा. मॉनिटर साधारण २५ वॅट, रास्पबेरी पाय १५, एलईडी पट्टी १०, आवाजाचा छोटा अँप्लिफायर १०, कॉइन बॉक्स ५. झाले ६५ वॅट. अडॅप्टरमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते, म्हणून ८० धरा. २३० व्होल्टवर हा करंट अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी होतो. म्हणजे घरातला साधा ६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट पुरेसा आहे.

बिलाचा हिशोबही यातूनच निघतो. ८० वॅट रोज १० तास म्हणजे ०.८ युनिट. महिन्यात २६ दिवस मशीन चाललं तर जवळपास २१ युनिट. आपल्या महावितरणच्या बिलावरच्या दराने गुणा आणि तो आकडा भाड्यात धरा.

२. २३० व्होल्टची बाजू

कॅबिनेटमध्ये विजेचे दोन भाग असतात. एक २३० व्होल्टचा, जिथे जीव जाऊ शकतो. दुसरा ५ आणि १२ व्होल्टचा, जिथे फार तर पार्ट जळतो. हे दोन्ही भाग कॅबिनेटमध्ये वेगवेगळ्या बाजूंना ठेवा. २३० व्होल्टच्या भागावर झाकण लावा आणि ते स्क्रूने बंद करा.

मागच्या बाजूला फ्यूज आणि स्विच असलेलं तीन पिनांचं सॉकेट बसवा. वायर तीन कोरची, ०.७५ चौरस मिलिमीटरची घ्या. फ्यूज २ किंवा ३ अँपिअरचा, स्लो-ब्लो प्रकारचा घ्या, कारण मशीन चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढला जातो. एसएमपीएस वापरत असाल तर त्यावर ११५/२३० चा छोटा स्विच आहे का बघा. असेल तर तो २३० वरच हवा.

आता अर्थिंग. हिरवी वायर एसएमपीएसच्या अर्थ टर्मिनलला जोडायचीच, आणि कंट्रोल पॅनल पत्र्याचं असेल तर तिथेही न्यायची. आतली एखादी वायर सुटून पत्र्याला लागली, तर अर्थिंगमुळे करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर तो करंट खेळणाऱ्या मुलाच्या अंगातून जातो. जुन्या वाड्यांत आणि दुकानांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. वायरमनला मीटर लावायला सांगा. फेज-अर्थ व्होल्टेज फेज-न्यूट्रल इतकंच दिसलं पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर सोन्याहून पिवळं.

भंगारातून पिक्चर ट्यूबचं जुनं मशीन मिळालं असेल तर ट्यूबला स्वतः हात लावू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

३. ५ आणि १२ व्होल्टची बाजू

"गेम मधेच अडकतो, पाय आपोआप रीस्टार्ट होतो" ही तक्रार कायम येते. बहुतेक वेळा दोष बारीक वायरचा असतो. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा सप्लाय लागतो. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं.

हिशोब बघा. ०.२ चौरस मिलिमीटरची एक मीटर वायर टाकली, तर जाऊन-येऊन दोन मीटर तांबं होतं. ३ अँपिअरला त्यात अर्धा व्होल्ट गळतो. ५ चे राहिले साडेचार. तीच वायर ०.७५ ची घेतली तर गळती ०.१४ व्होल्टवर येते. म्हणून पायला त्याचा ओरिजिनल अडॅप्टरच द्या, आणि एलईडी, कॉइन बॉक्ससाठी १२ व्होल्टचा वेगळा. अडॅप्टर वेगळे असले तरी कॉइन बॉक्सचा ग्राउंड आणि बटणांच्या बोर्डचा ग्राउंड एकमेकांना जोडावा लागतो. नाहीतर नाणं पडूनही क्रेडिट येत नाही.

४. बटणांचं वायरिंग

बटणाखालच्या मायक्रोस्विचला बऱ्याचदा तीन टोकं असतात: कॉम, एनओ आणि एनसी. आपल्याला कॉम आणि एनओ वापरायचे. एनसीला जोडलं तर बटण न दाबताच दाबलेलं दिसतं. काही बोर्डांवर सगळ्या बटणांना एकच ग्राउंड वायर माळेसारखी फिरवतात. माळ मधे तुटली की पुढची सगळी बटणं एकदम बंद पडतात. म्हणून माळेची दोन्ही टोकं बोर्डला जोडा. मग एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालू राहतं. प्रत्येक वायरवर चिकटपट्टीने नंबर लिहा. भर पार्टीत मशीन बंद पडलं की हाच नंबर वेळ वाचवतो.

५. लाइट गेली तर

चालू मशीनची लाइट अचानक गेली की मेमरी कार्डमधला डेटा खराब होऊ शकतो. म्हणून मेनूतून शटडाउन करूनच स्विच बंद करायचा, ही सवय ग्राहकालाही लावा. छोटा यूपीएस घ्या आणि कार्डची एक कॉपी कायम जवळ ठेवा. मढी किंवा मोहट्याच्या यात्रेत स्टॉल टाकणार असाल तर वीज बहुधा जनरेटरची असेल. तिथे व्होल्टेज वरखाली होतं, त्यामुळे आधी मीटर लावा, अर्थिंगची विचारपूस करा, मगच मशीन जोडा.

६. पैसे घेण्याआधी

घरी खेळणं वेगळं आणि पैसे घेऊन खेळवणं वेगळं. दुकानात लावताना वीजजोडणी व्यावसायिक आहे का बघा, आणि परवान्याची चौकशी महापालिका व जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच करा. हजारो गेम भरलेली कार्डं बाजारात स्वस्त मिळतात, पण त्यातल्या बहुतेक गेमचे हक्क विकणाऱ्याकडे नसतात. त्यावर धंदा उभा करू नका. पैसे लावून पैसे जिंकायचं मशीन तर बनवूच नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे.

२३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या आणि त्याचं बिल फाइलला लावा. भाड्याने घेणारा "सेफ आहे ना?" असं विचारेल, तेव्हा तो कागद पुढे करा. तुमची निम्मी विक्री तिथेच होईल.