दाढेतली चौथी गल्ली

रूट कॅनाल झालं, कॅप बसली, तरी चहाचा घोट घेतला की वरच्या दाढेतून कळ यायचीच! तलासरीच्या माझ्या मावसबहिणीचं सहा महिने हेच चाललं होतं. ‘काढून टाक एकदाची,’ हे घरच्यांचं मत. विसाव्या वर्षी दाढ उपटायची? शेवटी आम्ही दोघी एसटीने डहाणूला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी थ्रीडी स्कॅनसाठी वापीला पाठवलं, तेव्हा खरी भानगड कळली. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला सहसा तीन मुळं असतात, म्हणून नळ्याही तीनच असं आपण धरून चालतो. पण गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दोन नळ्या असतात. दुसरीचं तोंड केसाएवढं, साध्या एक्स-रेत ती पहिलीच्या मागे लपते. गंमत म्हणजे ही ‘वेगळी’ रचना निम्म्याहून जास्त लोकांत सापडते! खालच्या दुसऱ्या दाढेत तर कधी नळ्या जुळून इंग्रजी ‘सी’सारखी एकच फट होते, १९७९मध्ये तिची नोंद झाली.

जुनं भरलेलं काढून चौथी नळी साफ करायला आणखी दोन खेपा. खर्च दुप्पट, तोही तिच्या शिकवणीच्या पैशांतून. तुमचीही आरसीटी झालेली दाढ गरम-थंडाला ठणकत असेल, तर उपटण्याआधी ‘एखादी नळी राहिली का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा.

गेल्या रविवारी ती डहाणू स्टँडवर कटिंग प्यायली. वाफाळता, त्याच बाजूने.